मंगळावरचा पाणवठा कुणाचा?

वणीच्या बाजारातली मेथी आपल्या रोजच्या ओळखीची. तीच मेथी २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी मुगासोबत अंतराळ स्थानकात अंकुरवली. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले. तसा मोठा घाला आला तर मानवजात अन्यत्र तरी जगावी, ही धडपड आम्हांस गैर वाटत नाही.

पण वाचकहो, पाण्याचे काय? स्थानकाच्या अमेरिकी विभागात घाम-लघवी शुद्ध करून तेच पाणी पितात. २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी असे परत मिळवले. तिथे कुणाचा माठ वेगळा नाही! मंगळावरच्या वस्तीत मात्र हवापाण्याची तोटी मालकाच्या हाती गेली तर? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती याच प्रश्नासाठी. महाडहून माणूस निदान घरी परतू शकत होता. १९६७ च्या अंतराळ कराराने ग्रहांवर देशांची मालकी नाकारली. वस्तीतल्या पाण्याबद्दल त्यात एक शब्द नाही.