स्वॅबचा रिपोर्ट परत येतो का?

प्रतिजैविक जागरूकता सप्ताह (१८ ते २४ नोव्हेंबर) आला की एक मागणी पुन्हा डोकं वर काढते: औषधाला न बधणारे जंतू शोधायला आयसीयूत दाखल होणाऱ्या प्रत्येकाचा स्वॅब घ्या. मागणी रास्तच. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशात उभं राहून पाहिलं, तर प्रश्न उलटा पडतो.

१९७३च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प उभा केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया आदिवासींवर झाडाखाली उपचार करू लागले, तेव्हा साधी औषधं लागू पडत. पुढे याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावच्या आरोग्यदूताच्या हाती जेंटामायसिन या प्रतिजैविकाची सुई दिली आणि नवजात बाळांचे मृत्यू घटवले. १९९९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या सुईची सगळी भिस्त जंतू औषधाला बधण्यावर होती.

न बधणारे जंतू मोठ्या रुग्णालयांत फोफावतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना दाद न देणारे २४ जंतू तपासले होते. त्यांतल्या २२ जंतूंत एनडीएम-१ हे औषध निकामी करणारं विकर निघालं.

अशा जंतूंसाठीचा स्वॅब गुदद्वारातून घेतात, कारण हे जंतू आतड्यात गुपचूप मुक्काम ठोकतात. ताप नाही, जुलाब नाही. कल्चरला एक-दोन दिवस. तोवर तोच वॉर्ड, तीच नर्स, तेच हात. वेगळी खोली आणि हात धुण्याची शिस्त नसेल, तर रिपोर्ट फायलीला लावण्यापुरताच. अमेरिकेतल्या ७४ आयसीयूंमधल्या एका चाचणीत (२०१३) तर एमआरएसए या त्वचेवर-नाकात राहणाऱ्या चिवट जंतूसाठी तपासून वेगळं ठेवण्यापेक्षा सरसकट सगळ्यांना क्लोरहेक्सिडिनने पुसणं आणि नाकात मलम लावणं सरस ठरलं. आतड्यातल्या क्लेब्सिएलासारख्या जंतूंना मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही.

माझा हट्ट वेगळाच आहे. हेमलकशाजवळच्या भामरागडचा रुग्ण नागपूरच्या आयसीयूत व्हेंटिलेटर, कॅथेटर लावून राहतो, वाचतो, घरी येतो. जंतू जडला असेल तर तोही सोबत येतो, कधी कधी महिनोन्महिने. म्हणून दाखल होतानाइतकाच घरी सोडतानाचा स्वॅब महत्त्वाचा, आणि त्याचा निकाल डिस्चार्ज कार्डावर ठळक हवा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली, रस्ता तुटला आणि त्याच माणसाला पुन्हा ताप भरला, तर कुठलं औषध आधी सुरू करायचं हे डॉक्टरला त्या कागदावरूनच ठरवावं लागेल.