थंडी वर कमी, खाली जास्त!

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या लोकलने कामशेतला उतरलात, तर इंद्रायणीकाठी आणि भाताच्या मोकळ्या खाचरांवर दाट धुकं दिसतं. इथेच एवढा गारठा, तर १,०३३ मीटर उंचीच्या लोहगडावर काय होईल? पण शांत पहाटे गडमाथा अनेकदा खोऱ्यापेक्षा उबदार असतो.

एरवी दर किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मात्र हे गणित उलटतं. जमीन दिवसभराची उष्णता आकाशात सोडते, लगतची हवा थंड आणि जड होऊन उतारावरून खोऱ्यात साचते. वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. हेच तापमानाचं व्युत्क्रमण. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण होतात, तेव्हा बाजारपेठेत पारा बराच वर असतो, तोही यामुळेच.

ऊन चढून जमीन तापली की धुकं विरतं. पॅराग्लायडरला वर उचलणारे हवेचे उष्ण प्रवाहही त्यानंतरच जोर धरतात.

वारा सुटला, की गणित पुन्हा बदलतं. लोहगडाच्या विंचूकाट्यासारख्या उघड्या सोंडेवर घामाने भिजलेला सदरा अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. दवाने ओले कातळ आणि वाळलं गवत पाय घसरवतात.

तेव्हा सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे कपडे घाला, वारा अडवणारं जाकीट आणि विजेरी सोबत ठेवा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी गड उतरा.