तिसरा कोण येणार?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला संडे स्कूलमध्ये पाच मिनिटांत सांगून होतो. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू गाठतात, मारून अर्धमेला टाकतात. याजक बघतो आणि बाजूने निघून जातो, लेवीही तसाच जातो. शोमरोनी मात्र थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला आपल्या जनावरावर बसवून सराईत नेतो आणि सराईवाल्याला पैसे देतो. मग चित्र रंगवायचं, ‘आपणही मदत करावी’ हे एका सुरात म्हणायचं आणि खाऊ घेऊन घरी. यात वाईट काही नाही. पण लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाची ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणारे यहुदी दचकले असणार, आणि आपली मुलं दचकत नाहीत. शोमरोनी म्हणजे भला माणूस, हे त्यांना गोष्ट सुरू होण्याआधीच माहीत असतं.

तो दचका परत आणायचा तर आधी रस्ता दाखवावा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांत हजार मीटरांची उतरण. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलेल्या मुलाला हे लगेच कळेल. फक्त त्या घाटातली झाडी आणि पाणी मनातून काढून टाकायला सांगा. तिथे उघडेबोडके डोंगर, वळणं आणि लपायला घळी. मार्टिन ल्युथर किंग यांनी खून होण्याच्या आदल्या दिवशी, 3 एप्रिल 1968 रोजी केलेल्या भाषणात याच वाटेची आठवण काढली होती. याजक आणि लेवी कदाचित घाबरले असतील, असं त्यांनी सुचवलं. मुलांना हे कारण पटतं, कारण भीती त्यांना ओळखीची असते.

यरीहो मात्र ओसाड नव्हतं. खजुरांचं, उबदार हवेचं ते गाव. हेरोद राजाचे हिवाळी महाल तिथे होते आणि बरेच याजकही तिथे राहत. याजकांचे चोवीस गट होते आणि प्रत्येक गटाची मंदिरातल्या सेवेची पाळी आठवड्याची असे. तेव्हा या वाटेवर याजक भेटणं ही रोजची गोष्ट होती.

इथे शिक्षकांनी सर्वांत जास्त सांभाळायला हवं. ‘प्रेताला शिवलं तर विटाळ होईल म्हणून याजक थांबला नाही’, हे स्पष्टीकरण आपल्याकडे सर्रास दिलं जातं. त्यातून मुलं एवढंच उचलतात की यहुदी धर्म कोरडा आणि नियमांनी करकचलेला, आणि येशूने त्यातून सुटका केली. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. लेवीय पुस्तकाचा एकविसावा अध्याय याजकाला प्रेतापासून दूर राहायला सांगतो, हे खरं. पण तो नियम याजकासाठी आहे, लेवीसाठी नाही. शिवाय याजक ‘खाली उतरत’ होता, म्हणजे मंदिराकडे पाठ करून चालला होता, सेवेला निघालेला नव्हता. आणि रस्त्यावरचा माणूस मेलेला कुठे होता? इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात तर स्पष्टच आहे: बेवारस प्रेत दिसलं तर मुख्य याजकानेसुद्धा त्यासाठी विटाळ पत्करावा. जीव धोक्यात असेल तर शब्बाथचा नियमही बाजूला ठेवावा, हेही तिथेच सापडतं. एमी-जिल लेव्हाइन या ज्यू अभ्यासक येशूच्या दाखल्यांवर लिहिताना हाच मुद्दा धरून बसतात. याजक आणि लेवी या दोघांनी आपल्याच धर्मशास्त्राकडे पाठ फिरवली. दोष शास्त्राचा नाही.

मग शोमरोनी इतका अनपेक्षित का? यहुदी समाजात याजक, लेवी आणि सर्वसाधारण इस्राएली ही तीन नावं एका दमात घेतली जात. पहिले दोघे निघून गेल्यावर श्रोत्यांना तिसरा आपल्यातला, साधा इस्राएली हवा होता. मुलांना गोष्ट सांगताना इथे जरूर थांबावं आणि विचारावं, ‘तिसरा कोण येणार?’

येतो शोमरोनी. हे लोकही मोशेचं नियमशास्त्र मानणारे, पण त्यांचा पवित्र डोंगर गरिज्जीम, यरुशलेम नव्हे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस योहान हिर्कानस या यहुदी राज्यकर्त्याने त्यांचं गरिज्जीमवरचं मंदिर उद्ध्वस्त केलं. येशूच्या लहानपणी वल्हांडणाच्या सणात काही शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडं टाकल्याचं इतिहासकार जोसीफस लिहितो. दोन्ही बाजूंच्या मनात साचलेलं होतं. लूकच्याच आदल्या अध्यायात एक शोमरोनी गाव येशूला उतरू देत नाही, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघतात. शोमरोनी समाज आजही आहे, जेमतेम आठ-नऊशे माणसांचा; काही गरिज्जीमवर, काही तेल अवीवजवळच्या होलोन शहरात.

थोड्या मोठ्या मुलांना दुसऱ्या इतिवृत्ताचा अठ्ठाविसावा अध्याय वाचून दाखवावा. उत्तरेच्या इस्राएल राज्याचं सैन्य यहुदातल्या लोकांना कैद करून शोमरोनला नेतं. एक संदेष्टा त्यांना खडसावतो, आणि मग तिथलीच माणसं कैद्यांना कपडे देतात, तेल लावतात, अशक्तांना गाढवांवर बसवून यरीहोला पोचवतात. तेल, गाढव, यरीहो! येशूच्या श्रोत्यांना ही जुनी कथा आठवली नसेल असं मानणं मला कठीण जातं.

बाकीच्या तपशिलांवर फार वेळ घालवू नये. तेल आणि द्राक्षारस ही तेव्हाची घरगुती औषधं. सराईवाल्याला दिलेले दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई.

नाटक बसवलं की शोमरोन्याचं काम प्रत्येकाला हवं असतं. त्याऐवजी सगळ्यांना पाळीपाळीने जखमी माणूस होऊ द्यावं आणि विचारावं, ‘ज्याच्याशी तू बोलत नाहीस तोच हात पुढे करतोय. घेशील?’ उत्तराची घाई करू नये.

हा दाखला निघतो एका शास्त्र्याच्या प्रश्नातून, आणि त्याआधी तो शास्त्री दोन वचनं बिनचूक म्हणून दाखवतो. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे लेवीय पुस्तकातलं. त्याच अध्यायात परक्यावरही प्रीती करायला सांगितलं आहे. दुसरं वचन, देवावर पूर्ण मनाने प्रीती करण्याचं, ‘शमा’ या प्रार्थनेतलं. या प्रार्थनेसाठी मराठी मुलांना लांब जायला नको. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा सांगते, की नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, ग्रंथ बुडाले, पण शमा आणि शब्बाथ तेवढे राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी.

म्हणून संडे स्कूलच्या शिक्षकांना एक विनंती. हा धडा शिकवून झाला की मुलांना एखादं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, दाखवा. अलिबाग, रेवदंडा, मुंबई इथे आहेत. पुण्यात 1867चं लाल देऊळ आहे. तोराची, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राची, गुंडाळी कुठे ठेवतात ते मुलांना तिथल्याच माणसाकडून ऐकू द्या. जाण्याआधी परवानगी घ्या, आणि शनिवार टाळा. तो त्यांचा शब्बाथ.