कॅमेऱ्यामागचा पत्रकार

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधानभवनाकडे निघालेला मोर्चा पोलिस वाटेतच अडवतात. तो केवढा होता हे त्या संध्याकाळी महाराष्ट्राला कळतं ते कॅमेरामनच्या नजरेतून. रस्त्याच्या पातळीवरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने समोरून शॉट घेतला की माणसांमधलं अंतर मिटतं आणि गर्दी दाटते. उड्डाणपुलावरून वाइड घेतला की त्याच मोर्चातल्या मोकळ्या जागा दिसू लागतात. दोन्ही दृश्यं खरीच असतात, पण त्यांतलं कोणतं आधी घ्यायचं, कोणतं किती वेळ धरायचं हा निर्णय बातमीचा आहे, यंत्राचा नव्हे. म्हणूनच वृत्तवाहिनीचा कॅमेरामन हा पूर्ण अर्थाने पत्रकार आहे आणि त्याला ‘टेक्निकल स्टाफ’मध्ये मोजणं ही केवळ अन्यायाची नव्हे, तर बातमीच्या विश्वासार्हतेचीही बाब आहे, असं माझं ठाम मत आहे.

ही मोजणी आली कुठून? १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात संपादक, बातमीदार, वृत्तछायाचित्रकार, अगदी व्यंगचित्रकार आणि मुद्रितशोधकही पत्रकार ठरले, पण कायदा वृत्तपत्रांपुरताच होता. दूरदर्शन दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत १९७२ साली सुरू झालं. खासगी वाहिन्या त्याहून कितीतरी नंतरच्या. तोवर व्याख्या गोठून गेली होती. कॅमेऱ्याचं मोल मात्र त्याच काळात सिद्ध झालं होतं. नागपुरात धम्मदीक्षा झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. चित्रपट-दिग्दर्शक नामदेव व्हटकरांनी आपला छापखाना गहाण टाकून ती चित्रित केली. ते चित्रण कुणी नेमून दिलेलं काम नव्हतं. आज काय टिपलं पाहिजे हे ओळखण्याची जाण होती, आणि पत्रकारिता म्हणतात ती हीच.

याउलट २३ नोव्हेंबर १९९४ चा दिवस पाहा. नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, त्यांत स्त्रिया आणि मुलं मोठ्या संख्येने. तेव्हा मराठीत चोवीस तासांची एकही वृत्तवाहिनी नव्हती. चौकशीसाठी दाणी आयोग नेमला गेला. गर्दी आधी कुठे कोंडली, लाठी कधी उगारली गेली, बाहेर पडायला वाट होती का, अशा प्रश्नांवर साक्षी एकमेकींना छेद देतात. तिथे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या, न कापलेल्या फुटेजचं मोल कशानेही भरून निघत नाही.

यावर म्हटलं जाईल की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आहे, आणि त्याने अनेक अत्याचार उजेडात आणले आहेत. पण मोबाइल बहुधा घटना घडू लागल्यावर बाहेर येतो. कॅमेरामन घटनेच्या आधी जागा घेतो, नंतरही थांबतो आणि आपल्या चित्रणाची जबाबदारी नावानिशी घेतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काय दाखवायचं ते शेवटी डेस्क ठरवतं. खरं आहे. पण डेस्क कापू शकतं. जे टिपलंच गेलं नाही ते आणणार कुठून? नेत्याच्या बाइटसाठी सगळे बूम एकाच जागी गोळा होतात तेव्हा मोर्चाच्या शेपटाशी बसलेल्या शेतकरी बाईकडे वळणारा कॅमेरा दुर्मीळ होतो, कारण तसं वळण्याचा अधिकार कॅमेरामनला आपण दिलेलाच नाही.

जोखीम मात्र पुरेपूर दिली आहे. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दंतेवाडात निवडणुकीचं वार्तांकन करताना दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू नक्षलवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. दंतेवाडा ज्या दंडकारण्यात आहे, त्याचाच भाग असलेल्या गडचिरोलीत नागपूरच्या कॅमेरामनना कामासाठी जावं लागतं. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राने २०१७ साली मंजूर केलेल्या कायद्यात दूरचित्रवाणी कॅमेरामनचा स्पष्ट उल्लेख आला, कंत्राटी कॅमेरामनसह. केंद्राच्या २०२० च्या कामगार संहितेने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमंही घेतली. पण दोन्हीकडे अट नोकरीचीच. विदर्भातल्या तालुक्यांमधून स्वतःच्या कॅमेऱ्याने, बातमीमागे ठरलेल्या पैशांवर चित्रण पाठवणाऱ्या स्ट्रिंगरला आधी आपण कुणाच्या नोकरीत आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि तेवढा एक कागद त्याच्यापाशी नसतो.