पाळकबाईंना सातवा लागला...

रविवारी सकाळी मिशन कंपाउंडातल्या देवळाची दुसरी घंटा झाली, की आमच्या गल्लीपर्यंत पेटीचे सूर येतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी ते आलेच नाहीत. दुपारी चौकशीला गेले, तर पाळकबाई ओसरीवर पाय लांब करून बसलेल्या. "ताई, मांडी घालून बसलं की पोट मधे येतं. हात भात्यापर्यंत पोचतच नाही," म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

पुढच्या रविवारी साहेबांनी पेटी टेबलावर ठेवली, बाईंना खुर्ची दिली आणि उपासना सुरळीत पार पडली. बाईंना सातवा महिना लागला होता. एवढ्या मोठ्या मंडळीत पेटी वाजवणारं दुसरं कुणीच कसं नाही, हा प्रश्न काही कुणाला पडला नाही.

आमचा नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर. इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. त्यामुळे आमच्याकडे देऊळ म्हटलं की "कुठलं? मारुतीचं की ख्रिस्ती लोकांचं?" असं विचारावं लागतं. आमच्या घरी गणपती बसतो, पण आमच्या बचत गटाची बैठक भरते ती त्यांच्या देवळामागच्या खोलीत. तिथेच या जोडप्याची ओळख झाली. साहेब एकोणतीस वर्षांचे, बाई पंचवीसच्या. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि पाळक म्हणून ही पहिलीच नेमणूक. आजीच्या वयाच्या बायकाही तिला "सलाम बाई" म्हणतात, तेव्हा ती बिचारी अजून लाजते.

पण मैत्रिणींनो, त्या "बाई" शब्दात काय काय येतं बघा! स्त्रियांची सभा बाईंनी घ्यायची, रविवारची शाळा बाईंनी चालवायची. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झाली, तर साहेबांच्या मोटरसायकलवर मागे बसून भेटीला जायचं. आजूबाजूच्या तीन वाड्यांवर छोट्या मंडळ्या आहेत आणि तिकडचे रस्ते कसे आहेत ते मी काय सांगू! पाचव्या महिन्यापर्यंत ती त्या खड्ड्यांतून जात होती. घरी सकाळी सातपासून माणसांची ये-जा. एकीचा नवरा पितो, दुसरीच्या पोराला दाखला हवा, तिसरी नुसतीच रडायला येते. येईल त्याला चहा. महिन्याला चार किलो साखर लागते! साहेबांच्या हातात बारा-तेरा हजार पडतात, तेही वेळेवर पडतील तर. पगाराच्या कागदावर नाव अर्थातच एकट्या साहेबांचं.

२०१७ पासून नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. पण जी कुठल्याच हजेरीपटावर नाही तिने रजा मागायची कुणाकडे? त्यातून एक आजी मला म्हणाल्या, "देवाच्या कामाला कसली सुट्टी?" त्यांची स्वतःची सून आठव्या महिन्यातच माहेरी गेली होती, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी तिला वाचायला नेऊन दिली, तर तिच्याकडे आधीच होती. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ साली. घरात सदा पाहुणे, आणि हातात आलेलं दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा! "आमचे साहेब परवा घरातली नवी चादर देऊन आले," ती म्हणाली. "मी भांडले, मग वाटलं, लक्ष्मीबाईंनी निदान लिहून तरी ठेवलं."

माझ्या मनाला खरी चुटपुट लागली ती सप्टेंबरमध्ये. तिचे डोळे पांढरे दिसत होते, चार पायऱ्या चढली की धाप लागत होती. विचारलं, तर म्हणे लग्नाआधीपासून असंच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही सोय आहे, तरी कितीतरी जणींना माहीत नसते. मी तिला ओढूनच ग्रामीण रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन निघालं ८.२. गरोदरपणात ते अकराच्या खाली नसावं, असा नियम आहे.

आता ही पोरगी उपाशी का राहते? घरात अन्न नाही असं नाही. आल्यागेल्याचं झाल्यावर दुपारी तीनला ही जेवते, तेही उरलंसुरलं. लोहाच्या गोळ्या मिळालेल्या होत्या, पण त्या चहाबरोबर घ्यायची. चहाने गोळीतलं लोह अंगी लागतच नाही! शिवाय गोळ्यांनी शौचाला काळं होतं म्हणून घाबरून मधेच सोडलेल्या. काळं होतंच, त्याला घाबरायचं नसतं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, पुढेमागे तासभर चहा नको आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, हे तिथल्या सिस्टरांनी समजावलं. डॉक्टरांनी शिरेतून लोहाचं औषधही द्यायचं ठरवलं.

येताना मी मातृवंदना योजनेचा विषय काढला. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत पाच हजार रुपये मिळतात. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की त्या दाखल्यावरही अर्ज करता येतो. अंगणवाडीच्या ताईंकडे फॉर्म होताच. ती थांबली. "आम्ही कसं मागायचं ताई? आमच्याकडे लोक मागायला येतात." त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला "अगं" म्हणाले. म्हटलं, "अगं, हे मागणं नाही, हक्काचं आहे. सही कर." फॉर्मवर सही झाली, पण दोन दिवस ती माझ्याशी जरा तुटकच होती.

साहेबांचं मात्र कौतुक केलं पाहिजे. रिपोर्ट बघून ते हबकलेच. दुसऱ्या दिवसापासून आल्यागेल्यांचा चहा ते स्वतः टाकू लागले. एक पंच दारातच उभे राहिले, "साहेब, तुम्ही?" मग ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी पंचांच्या बैठकीत विषय काढला, की बाळंतपण होऊन दोन महिने होईपर्यंत बाई भेटींना येणार नाहीत आणि सभाही दुसऱ्या कुणी घ्याव्यात. नवीन पाळकाने असं बोलायला धाडस लागतं. मंडळी नाराज झाली तर बदलीची भीती असते. खोलीत बराच वेळ शांतता होती म्हणे. शेवटी मंडळीतल्याच एक निवृत्त नर्सबाई उठल्या. "पगार आपण एकाला देतो आणि कामाला दोघांना लावतो. आजवर कुणी बोललं नाही, म्हणून मीच बोलते." भेटींचं मान्य झालं. स्त्रियांची सभा नर्सबाईंनीच अंगावर घेतली. अकरावीतला एक मुलगा पेटी शिकायला बसला. स्वयंपाकघराची गळकी कौलं मात्र "पुढच्या वर्षी बघू"वर गेली, ती गेलीच.

नोव्हेंबरात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी होती, पाळणा नव्हता, भजनं होती आणि प्रार्थना होती. मी ओल्या नारळाच्या करंज्या नेल्या होत्या. पोरीने चार खाल्ल्या, त्याही सगळ्यांच्या आधी!

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जायचं ठरलं ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. "नाताळात पाळकबाई नाहीत?" अशी कुजबुज झालीच. साहेबही ऐनवेळी डळमळले होते. पण दवाखान्याची फाइल पिशवीत घालून ती सकाळच्या एसटीत बसली. साहेब तिला पोचवून रात्रीच परतले, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या रविवारी पेटी दोनदा चुकली. आमच्या गल्लीतही कळलं.

पुढच्या शनिवारी साहेबांचा फोन आला. तिकडच्या दवाखान्यात परत रक्त तपासलं होतं. "ताई, दहा पॉइंट चार!" मागे कुकर शिट्ट्या मारत होता. "किती झाल्या?" मी विचारलं.

"अरे देवा, मोजायच्याच राहिल्या," म्हणाले आणि फोन तसाच ठेवून धावले.