पोरींच्या फुटबॉलमधला एक पुरस्कार, आणि तो कोण देतं

आपल्या घरांत फुटबॉलचा विषय निघाला की बोलणं बहुतेक पोरांचंच असतं. कुणाची टीम हरली, कोण किती कोटींना विकला गेला, वगैरे. पोरींनीही या खेळावर पोट भरता येतं का, हा प्रश्न क्वचितच निघतो. निघाला तरी घरातली मोठी माणसं हसून सोडून देतात. म्हणून आज आम्ही इंग्लंडमधल्या एका पुरस्काराची माहिती देत आहोत. त्याच्या विजेत्यांची यादी नीट वाचली की या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

प्रोफेशनल फुटबॉलर्स असोसिएशन, म्हणजे पीएफए, ही इंग्लंडमधल्या फुटबॉल खेळाडूंची युनियन आहे, 1907 सालची. ती दरवर्षी सर्वोत्तम तरुण महिला खेळाडूचा पुरस्कार देते. पुरुषांसाठी असा पुरस्कार 1974 पासून आहे, महिलांसाठी तो 2014 मध्ये आला. मधे 40 वर्षं गेली. याचं नवल वाटायला नको. डिसेंबर 1920 मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांची मॅच पाहायला 53 हजार लोक आले होते. त्यानंतर वर्षभरातच इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी केली. ती बंदी सुमारे 50 वर्षं टिकली. फुटबॉल बायकांना शोभत नाही, असं म्हणणारे लोक फक्त आपल्याच मोहल्ल्यात असतात असं नाही.

हा पुरस्कार कुणी पत्रकार किंवा पदाधिकारी ठरवत नाहीत. मतं खेळाडू देतात. म्हणजे जिनं तुम्हाला मैदानावर चकवलं, जिच्यामागे धावून तुमचा दम निघाला, तिलाच तुम्ही मत देता. म्हणून खेळाडूंना याचं मोल जास्त वाटतं. हंगाम सुरू होताना वय 21 किंवा त्याहून कमी असावं, ही अट आहे. राष्ट्रीयत्वाची अट नाही.

आता यादीकडे वळू. 2015 मध्ये आर्सेनलच्या लिया विल्यमसनला पुरस्कार मिळाला. पुढे तिच्याच कॅप्टनशिपखाली इंग्लंडनं 2022 आणि 2025 असे दोनदा युरो जिंकले. फुटबॉल खेळत असतानाच ती अकाउंटन्सीही शिकत होती. म्हणजे हातात दुसरा रोजगार असावा, ही काळजी तिथल्या पोरींनाही होतीच. 2016 ची विजेती बेथ मीड सन्डरलंडकडून खेळायची आणि सोबत युनिव्हर्सिटीत शिकायची. 2022 च्या युरोमध्ये तीच सर्वोत्तम खेळाडू ठरली.

सन्डरलंडचं पुढं काय झालं, ते मात्र कुणी फारसं सांगत नाही. 2018 मध्ये तिथली महिला सुपर लीग पूर्ण व्यावसायिक झाली. खेळाडूंना पूर्णवेळ करार द्यायचे, तरच लायसन्स. चांगलीच गोष्ट. पण मीड, लूसी ब्रॉन्झ, जिल स्कॉट अशा खेळाडू घडवणाऱ्या सन्डरलंडला ते लायसन्स मिळालं नाही आणि क्लब थेट तिसऱ्या पायरीवर घसरला. पगार आले, पण पैसेवाल्या क्लबांकडे आले. आमच्या मते हे जरूर लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडे लीग मोठी होईल तेव्हा हाच प्रश्न येणार आहे.

लॉरेन हेम्पचं नाव या यादीत चार वेळा आहे: 2018, 2020, 2021, 2022. पुरुषांच्या पुरस्कारात दोनाच्या पुढे कुणी गेलेलं नाही. पहिल्यांदा मिळाला तेव्हा ती फक्त 17 वर्षांची होती आणि ब्रिस्टल सिटीसारख्या छोट्या क्लबात खेळत होती. छोटा क्लब म्हणजे रोज खेळायला मिळणं. तरुण खेळाडूला हेच सर्वांत आधी लागतं. 2024 ची विजेती ग्रेस क्लिंटन हीही मँचेस्टर युनायटेडची असून वर्षभर टॉटनहॅमकडे उसनी गेली होती. त्याच वर्षी टॉटनहॅम एफए कपच्या फायनलला पोहोचलं, पण समोर युनायटेड! आपल्या मूळ क्लबाविरुद्ध खेळायची परवानगी नाही, त्यामुळे बिचारीला फायनल बाहेरूनच बघावी लागली. युनायटेड 4-0 ने जिंकलं. मतं मात्र तिलाच मिळाली.

पुरस्कारामुळे सगळं सुखाचं होतं, असंही नाही. 2017 ची विजेती जेस कार्टर हिला 2025 च्या युरोच्या वेळी तिच्या रंगावरून ऑनलाइन इतक्या घाणेरड्या शिव्या आल्या की तिनं सोशल मीडिया सोडला. सेमीफायनलला ती बेंचवर होती. फायनलला मात्र सुरुवातीपासून उतरली आणि इंग्लंड जिंकलं.

आपल्या वाचकांचा पुढचा प्रश्न पेहरावाचा असणार. 2011 मध्ये हिजाबमुळे इराणच्या मुलींना ऑलिम्पिक पात्रतेची मॅच खेळू दिली नव्हती. ती बंदी 2014 मध्ये, म्हणजे हा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, फिफानं उठवली. 2023 च्या वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली आणि त्या मॅचमध्ये मोरोक्कोनं दक्षिण कोरियाला 1-0 हरवलं. नियमाची अडचण आता नाही. घरची परवानगी, मैदान आणि प्रवास या अडचणी बाकी आहेत, आणि त्या फिफा सोडवणार नाही.

2025 चा पुरस्कार कॅनडाच्या ऑलिव्हिया स्मिथला लिव्हरपूलकडून खेळलेल्या हंगामासाठी मिळाला. पण ऑगस्टमध्ये नाव जाहीर झालं तेव्हा ती लिव्हरपूलमध्ये नव्हतीच. महिनाभर आधीच आर्सेनलनं तिला दहा लाख पौंडांना घेतलं होतं, आपल्या हिशेबानं साधारण साडेअकरा कोटी रुपये. महिला खेळाडूची किंमत इथवर पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. ती तेव्हा जेमतेम 20 वर्षांची होती.