व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला पुन्हा जाग

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या तिथे लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांनी ज्या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं, ते हेच. ढोलकी, तुणतुणं आणि गळा एवढ्यावर पूर्वी फड उभा राही. पुढे लाऊडस्पीकर आला आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही लावणीचा शब्द न् शब्द कळू लागला. त्या भोंग्यामागे पत्र्याची एक जड पेटी असे. गावात तिला नुसतं ‘मशीन’ म्हणत. आज बोलायचं आहे ते त्या मशीनबद्दल.

त्या पेटीतला जीव म्हणजे व्हॉल्व्ह. काचेची नळी, आत निर्वात पोकळी. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरं टोक, जाळी, घातली. डिंभे धरणाचा कालवा आठवा. दरवाजाचं चाक फिरवायला एका माणसाचा हात पुरतो, पण त्या चाकाने पाण्याचा केवढा लोट आवरला जातो! जाळीचं काम तेच. मायक्रोफोनमधून आलेला दुबळा विद्युतप्रवाह जाळीवर येतो आणि त्याच्या तालावर नळीतला मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही असे व्हॉल्व्ह बनत. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू काचेच्या नळ्या माळ्यावर गेल्या.

मग त्या पुन्हा खाली का उतरल्या? गिटारवाल्यांमुळे. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला, तर आवाज एकदम तुटत नाही. कडा गोल होत होत फाटतो. भाषणाच्या मंडपात तो दोष, पण इलेक्ट्रिक गिटारच्या तारेला तोच दागिना. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेले अॅम्प्लिफायर याच गुणामुळे गाजले. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आजही नवे व्हॉल्व्ह बनतात, ते मुख्यतः वादक आणि हौशी श्रोते यांच्यासाठी.

मंचरकडच्या एका गिटार वाजवणाऱ्या तरुणाला बंद पडलेल्या मंडपवाल्याकडून असंच एक मशीन भंगाराच्या भावात मिळालं. यात्रा, उरूस, लग्नं, सगळं पाहिलेलं. त्याने ते आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मेकॅनिककडे आणलं. चाचांचे हात आता थरथरतात, म्हणून काम पोराने करायचं आणि चाचांनी स्टुलावर बसून सांगायचं, असं ठरलं. मी बघ्या. पण ऐकलं ते लिहून ठेवलं.

पोरगा पिन लावायला निघाला तेव्हा चाचा म्हणाले, “थांब बाळा. वीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून लगेच पळवतात का?” कारण साधं आहे. वीज साठवणारे मोठे कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून आतून सुकतात. एकदम वीज दिली तर ते फुटतात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही नेतात.

दुसरी गोष्ट जिवाची. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट खेळतात. पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक राहू शकते. ती रेझिस्टरमधून हळू उतरवायची, मीटरने शून्य पाहायचं, मगच हात घालायचा. जुन्या मशीनची वायर दोन तारांची होती. तिथे तीन तारांची घालून पत्र्याला अर्थिंग दिलं. गिटारची तार लोखंडी, वादकाचा हात तिच्यावर. अर्थिंगमध्ये कसूर चालत नाही.

मग सुकलेले कंडेन्सर बदलले, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे घालून. दोन टप्प्यांना जोडणारे जुने कागदी कंडेन्सरही काढले. ते गळू लागले की पुढच्या व्हॉल्व्हची जाळी बिघडते आणि तो तापून लालभडक होतो. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरची किंमत काळाने सरकते, म्हणून प्रत्येक मीटरवर तपासला. ट्रान्सफॉर्मर मात्र मूळचेच ठेवले. चाचांचं म्हणणं, “आवाजाची जात तिथे असते.”

भोंग्यांसाठी या मशीनला शंभर व्होल्टची लाइन होती. गिटारच्या पेटीतला स्पीकर आठ ओहमचा, म्हणून त्याच ट्रान्सफॉर्मरचं आठ ओहमचं टोक वापरलं. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचं मशीन कधीही चालवायचं नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शेवटी शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. बल्ब भगभगून पेटला असता तर आत शॉर्ट आहे असं समजायचं. तो क्षणभर उजळला, मग मंद झाला. नळ्यांत नारिंगी ठिपके उमटले. व्होल्टेज मोजून झाल्यावरच बल्ब काढला.

याच जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण संदेश टिपतात, आणि तेही आधी वाढवावे लागतात. तिथे काचेच्या नळ्या नाहीत, पण काम त्याच घराण्याचं: ऐकू न येणाऱ्याला ऐकू येईल असं करणं. शब्दांवर जगणाऱ्या माणसाला या कामाचं अप्रूप वाटणारच.

खोडदची विद्या पुस्तकांत आहे. चाचांची विद्या मात्र फक्त त्यांच्यापाशी. कुठल्या मशीनचा कुठला कंडेन्सर आधी जातो, सॉकेटची कुठली पिन सैल पडते, हे त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. आपल्या तालुक्यांत असे मेकॅनिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मशीन भंगारात गेलं तर लोखंड तरी परत येतं. हे ज्ञान गेलं की परत येत नाही.

तेव्हा तुमच्या माळ्यावर असं मशीन असेल तर पिन लावू नका आणि भंगारवाल्यालाही हाक मारू नका. आधी जाणता माणूस शोधा, आणि जमलं तर त्याच्या शेजारी घरातलं एखादं पोर बसवा. चाचांनी झाकण लावण्यापूर्वी आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख आणि बदललेल्या भागांची यादी लिहायला लावली. पुढे कुणी ते उघडेल, त्याच्यासाठी.